७२ गुण पुरेसे नसतात: मुंबईतल्या आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस शिष्यवृत्तीची पूर्ण वाट

आठवीच्या पालकांना शाळेतून निरोप येतो, "एनएमएमएसचा फॉर्म भरायचाय, उद्या आधारची झेरॉक्स पाठवा." बहुतेक मुलं एवढ्याच माहितीवर परीक्षेला बसतात. निकाल लागतो, मुलगा किंवा मुलगी 'पात्र' दिसते, घरात पेढे येतात आणि पुढे पैसे काही येत नाहीत. कोणी सांगतं नशीब, कोणी सांगतं वशिला. खरं कारण बहुतेक वेळा साधं असतं. एकतर मूल पात्र ठरलेलं असतं पण निवडलं गेलेलं नसतं, किंवा निवडलं गेलेलं असतं पण नववीत पोर्टलवर अर्जच भरलेला नसतो.

मी भांडुपच्या एका अनुदानित मराठी शाळेत शिकले. ही शिष्यवृत्ती मला मिळाली, नंतर धाकट्या भावाला मिळाली, आणि तेव्हापासून आमच्या वस्तीतल्या मुलांचे दाखले, फॉर्म आणि बँकेची कामं मी करत आले आहे. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहिते. पालकांनी सगळं वाचा, आणि मुलांना निदान अभ्यासाचा भाग वाचायला द्या.

योजनेचं पूर्ण नाव 'राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती योजना'. इंग्रजीत 'नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप', त्यावरून एनएमएमएस. केंद्र सरकारने ती २००८ साली सुरू केली. आठवीनंतर गरिबीमुळे शाळा सुटू नये, हा तिचा हेतू. दरवर्षी देशभरात एक लाख नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात, त्यातल्या ११,६८२ महाराष्ट्राच्या वाट्याला येतात. परीक्षा आठवीत होते आणि पैसे नववी ते बारावी मिळतात. महिन्याला १,०००, म्हणजे वर्षाला १२,००० आणि चार वर्षांचे मिळून ४८,००० रुपये. २०१७ च्या मार्चपर्यंत ही रक्कम याच्या निम्मी होती, त्यामुळे जुनी पुस्तकं आणि फॉरवर्ड होत फिरणारे मेसेज वाचून गोंधळू नका.

१. आधी शाळा पात्र आहे का ते बघा

अभ्यासाच्याही आधी हे बघायचं, कारण मुंबईत सगळ्यात जास्त निराशा इथेच होते. परीक्षेला बसता येतं ते फक्त शासकीय, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांना. खासगी विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, जवाहर नवोदय विद्यालय आणि सैनिकी शाळा यात बसत नाहीत. सरकारी वसतिगृहात राहण्या-जेवण्यासह शिक्षणाची सोय घेणारी मुलंही बसत नाहीत.

मुंबईतली खरी अडचण वेगळीच आहे. एकाच संस्थेची, एकाच इमारतीत, एकाच नावाची दोन माध्यमं असतात. मराठी माध्यम अनुदानित, इंग्रजी माध्यम विनाअनुदानित. गेटवर पाटी एकच, गणवेशही कधी कधी एकच. मराठी माध्यमातल्या चुलतभावाला शिष्यवृत्ती मिळाली म्हणून इंग्रजी माध्यमातली बहीण फॉर्म मागायला जाते आणि तिला नाही म्हणतात. तेव्हा ऑफिसात जाऊन सरळ विचारा, "आमच्या मुलाची तुकडी अनुदानित आहे का?" 'शाळा अनुदानित आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नका, तुकडीचं विचारा.

महापालिकेच्या शाळेत मूल असेल तर या अटीची चिंता नाही. पण तिथल्या पालकांना या परीक्षेबद्दल सगळ्यात कमी सांगितलं जातं, हे मी सतत बघते, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. ही योजना ज्यांच्यासाठी काढली ती मुलं तिथेच बसलेली आहेत.

बाकीच्या अटी अशा. सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५० टक्के चालतात. आईवडील दोघांचं मिळून वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नको. ही मर्यादा पूर्वी दीड लाख होती, म्हणून "आपण बसत नाही" असं समजून गप्प बसलेली बरीच घरं प्रत्यक्षात बसतात. महिन्याचा हिशेब केला तर साधारण २९,००० रुपये होतात. वडील सिक्युरिटीत आणि आई घरकामाला, अशा घरांनी एकदा कागदावर बेरीज करून बघावी.

२. शक्यता किती, ते मोजायला शिका

परीक्षेत दोन पेपर असतात. पहिला बौद्धिक क्षमता चाचणी, ज्याला सगळे मॅट म्हणतात. दुसरा शालेय क्षमता चाचणी, म्हणजे सॅट. प्रत्येकी ९० प्रश्न, ९० गुण, ९० मिनिटं. एकूण १८० गुण.

पात्र होण्यासाठी दोन्ही मिळून ४० टक्के लागतात, म्हणजे ७२ गुण. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग मुलांसाठी ३२ टक्के, म्हणजे ५८ च्या आसपास. हा आकडा शाळेत सांगतात, आणि बहुतेक घरं तोच धरून बसतात. पण ७२ हा फक्त उंबरठा आहे. तो ओलांडला की तुम्ही रांगेत उभे राहता. शिष्यवृत्ती कोणाला, हे त्या रांगेतल्या क्रमावर ठरतं.

रांगही एक नसते. राज्याच्या जागा जिल्ह्यांत वाटलेल्या असतात आणि जिल्ह्याच्या जागा आरक्षणाप्रमाणे प्रवर्गांत. म्हणजे तुमच्या मुलीची स्पर्धा लातूरच्या किंवा कोल्हापूरच्या मुलांशी नाही. तिची स्पर्धा आपल्याच जिल्ह्यातल्या, आपल्याच प्रवर्गातल्या मुलांशी आहे. जिल्हा शाळेवरून धरला जातो. घर दिव्याला किंवा नालासोपाऱ्याला असलं आणि शाळा दादरला असली, तर मूल मुंबईच्या यादीत येतं. मुंबईत विनाअनुदानित शाळांमधली मोठी संख्या या स्पर्धेत नसतेच, हेही लक्षात घ्या. अनुदानित आणि पालिकेच्या शाळांतली मुलंच एकमेकांसमोर असतात. घाबरून फॉर्मच न भरणाऱ्या पालकांना मी हे आधी सांगते.

मग आपल्या मुलाची शक्यता कशी काढायची? मी अशी काढते.

पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. तिच्या संकेतस्थळावर निवड याद्या येतात. मागच्या निदान तीन वर्षांच्या याद्या मिळवा आणि आपल्या जिल्ह्यातला आपला प्रवर्ग बघा. शाळेतल्या सरांना किंवा बाईंना विचारा, आपल्या शाळेतून त्या त्या वर्षी कोण निवडलं गेलं, त्यांना किती गुण होते आणि कोण थोडक्यात राहिलं. पेपर कधी सोपा निघतो, कधी अवघड, म्हणून शेवटचा गुण दरवर्षी सरकतो. एका वर्षाच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

त्यानंतर मुलाला जुनी प्रश्नपत्रिका खऱ्या वेळेत सोडवायला बसवा. सकाळी मॅट, दुपारी सॅट, मध्ये टीव्ही नाही. असे चार पेपर झाले की त्यांची सरासरी काढा आणि ती त्या तीन वर्षांच्या शेवटच्या गुणांशेजारी लिहा. सरासरी तिन्हींच्या वर असेल तर शक्यता चांगली आहे, आता कागदपत्रांकडे जास्त लक्ष द्या. मध्ये कुठेतरी असेल तर पुढच्या महिन्या-दोन महिन्यांच्या अभ्यासावर सगळं ठरेल, आणि माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं इथेच असतात. बरीच खाली असेल तरीही परीक्षेला बसवा, कारण नुसतं पात्र होण्याचाही काही मुलांना पैशात उपयोग होतो. ते सहाव्या टप्प्यात सांगते.

शाळेतल्या टक्क्यांवरून अंदाज बांधू नका. वर्गात पहिली येणारी मुलगी मॅटमध्ये अडते आणि पासष्ट-सत्तर टक्क्यांचा मुलगा आकृत्यांचे प्रश्न पटापट सोडवतो, असं मी अनेकदा पाहिलं आहे. शाळांनी फक्त 'हुशार' पोरांचे फॉर्म भरू नयेत, असं मी म्हणते ते यासाठीच. तुमच्या मुलाचं नाव यादीत नसेल आणि तो अटींत बसत असेल, तर मुख्याध्यापकांना भेटून नाव घालायला सांगा.

३. कागद आधी गोळा करा

फॉर्म आल्यावर धावपळ करू नका. जून-जुलैतच सुरुवात करा.

- उत्पन्नाचा दाखला, मागच्या आर्थिक वर्षाचा
- सातवीचं प्रगतिपुस्तक
- मुलाचं आधार कार्ड, त्याला चालू मोबाइल नंबर जोडलेला
- जातीचा दाखला, लागू असेल तर, आणि मुलाच्याच नावाचा
- दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, लागू असेल तर
- मुलाच्या नावाचं बँक खातं

उत्पन्नाचा दाखला 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून काढता येतो. आधार, रेशन कार्ड, वीजबिल, पगारपत्रक किंवा फॉर्म १६ आणि स्वयंघोषणापत्र जवळ ठेवा. उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. भांडुप, मुलुंड, घाटकोपर हे कुर्ला तालुक्यात येतात, हे माहीत नसल्यामुळे लोक भलत्याच कार्यालयात रांग लावतात. शहर जिल्ह्यातल्यांसाठी जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला, ओल्ड कस्टम हाउसमध्ये आहे. दाखला राहत्या पत्त्यावर निघतो. ठाणे किंवा पालघर जिल्ह्यात राहत असाल तर तिथल्या तहसीलचा.

वडील रोजंदारीवर असतील तर पगारपत्रक नसतं. म्हणून दाखला मिळणार नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. स्वयंघोषणापत्रात काम आणि अंदाजे उत्पन्न लिहायचं, पण खरं लिहायचं. दरवर्षी वेगवेगळे आकडे दिले की पुढे पडताळणीत प्रश्न विचारले जातात.

जातीच्या दाखल्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. मुंबईत जन्मलेल्या मुलांचाही दाखला बहुतेक वेळा गावाकडून आणावा लागतो, कारण विशिष्ट तारखेला कुटुंब कुठे राहत होतं ते बघतात. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा तेव्हा साताऱ्याला किंवा रत्नागिरीला असतील तर काम तिथल्या प्रांत कार्यालयात. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाणार असाल तर आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जुनी जन्मनोंद शोधून आणा आणि त्याच फेरीत अर्ज देऊन या. वडिलांचा दाखला म्हणजे मुलाचा दाखला नव्हे. शाळेच्या फॉर्मवर ते चालून जातं, पुढच्या पडताळणीत मात्र अडतं.

४. फॉर्म शाळाच भरते, पण तपासायचा तुम्ही

अर्ज परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर शाळेच्या लॉगिनमधूनच भरला जातो. मूल स्वतः भरू शकत नाही. परीक्षा साधारण डिसेंबरातल्या रविवारी असते, म्हणून ऑगस्टपासूनच वर्गशिक्षकांना विचारायला लागा. 'शाळेत चौकशी केली तर बाईंना राग येईल' असा संकोच पालकांना असतो. अजिबात करू नका.

भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्या आणि या गोष्टी तपासा: नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, प्रवर्ग, परीक्षेचं माध्यम. शाळेच्या रजिस्टरमध्ये आडनाव आधी आणि आधारवर स्वतःचं नाव आधी, हे मराठी घरांत नेहमीचं. तो क्रम एकवेळ चालतो, पण 'साक्षी'चं एका ठिकाणी 'साक्षि' किंवा इंग्रजीत एक अक्षर जास्त, हे पोर्टलवर अडकतं. फरक असेल तर आधार दुरुस्त करायचं की शाळेची नोंद, हे जन्मदाखला बघून आठवीतच ठरवा. प्रवर्गाचा रकाना चुकून सर्वसाधारण राहिला, तर मूल त्याच रांगेत मोजलं जातं.

परीक्षा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, कन्नड आणि तेलुगू माध्यमांत देता येते.

५. अभ्यास: गुण नेमके कुठे आहेत

हा भाग मुलांसाठी. सॅटचे ९० प्रश्न असे वाटलेले असतात: विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. विज्ञानात भौतिकशास्त्र ११, रसायनशास्त्र ११, जीवशास्त्र १३. समाजशास्त्रात इतिहास १५, भूगोल १५, नागरिकशास्त्र ५.

आता हे आकडे परत एकदा वाच. क्लासमध्ये तू सगळा वेळ कशाला देतोस? गणिताला. आणि गणित आहे २० गुणांचं. इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्र मिळून ३५ गुणांचं, आणि तेच परीक्षेच्या आदल्या आठवड्यावर ढकललं जातं. माझं ठाम मत आहे की मुंबईतली मुलं निवड यादीतून बाहेर राहतात ती समाजशास्त्रामुळे. ते विषय 'पाठांतराचे' म्हणून बाजूला पडतात.

अभ्यासक्रम सातवीचा पूर्ण आणि आठवीचा पहिल्या सत्रापर्यंतचा असतो. पुस्तकं बालभारतीचीच. सातवीची पुस्तकं रद्दीत दिली असतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर ती मोफत मिळतात. सातवीच्या इतिहासात शिवकाल आणि मराठ्यांची सत्ता, आठवीत आधुनिक भारत. नागरिकशास्त्रात सातवीला संविधान, आठवीला संसदीय शासनपद्धती. पाच गुणांसाठी एवढी पातळ पुस्तकं दुसऱ्या कुठल्याच विषयाची नाहीत, ते पाच गुण सोडू नकोस. धड्याखालचा स्वाध्याय सोडव, चौकटी वाच, नकाशे बघ. प्रश्न पुष्कळदा चौकटींतून येतात आणि गाइडमध्ये चौकटी नसतात.

मॅटला पाठ्यपुस्तक नाही. संख्यामालिका, अक्षरमालिका, सहसंबंध, वेगळा घटक, सांकेतिक भाषा, दिशा, नातेसंबंध, दिनदर्शिका, वेन आकृती, आरशातली आणि पाण्यातली प्रतिमा, आकृती पूर्ण करणं, असे प्रकार असतात. एका प्रश्नाला एक मिनिट, आणि त्याच मिनिटात उत्तरपत्रिकेवर गोल रंगवायचा. म्हणून रोज थोडं, घड्याळ लावून. आधी एकेक प्रकार वेगळा सोडव, चुकलेले प्रश्न वहीत लिहून ठेव, मग मिश्र प्रश्न घे. एकाच प्रकारचे शंभर प्रश्न एका बैठकीत केले की सगळं येतंय असं वाटतं आणि पेपरात प्रकार बदलत गेले की हात थांबतो.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकही गोल रिकामा ठेवू नकोस. शेवटची पाच मिनिटं राखून ठेव आणि राहिलेले सगळे रंगव.

क्लास लावावा का, हे पालक मला हमखास विचारतात. शाळेत जादा तास होत असतील तर वेगळ्या क्लासची गरज नाही. १२,००० च्या शिष्यवृत्तीसाठी १५,००० फी भरणं मला पटत नाही. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर मिळतात. त्या छापून घ्या आणि घरात जागा नसेल तर जवळच्या अभ्यासिकेत मुलाला बसवा.

आणखी एक. 'एनटीएसई'च्या नावाने कोणी फी मागत असेल तर देऊ नका. एनसीईआरटीची ती प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ पासून स्थगित आहे. राज्याची जुनी 'स्कॉलरशिप' परीक्षा वेगळी. ती पाचवी आणि आठवीत होत आली, आणि २०२५ मध्ये राज्याने ती पुन्हा चौथी आणि सातवीवर नेण्याचं ठरवलं. विनाअनुदानित शाळेतली मुलंही तिला बसू शकतात. तुमची शाळा एनएमएमएसमध्ये बसत नसेल तर धाकट्या भावंडांसाठी ती बघा.

६. परीक्षा, उत्तरसूची आणि निकाल

प्रवेशपत्र शाळेकडून मिळतं. केंद्र आदल्या दिवशी पाहून ठेवा. रविवारी मध्य आणि हार्बर मार्गावर मेगाब्लॉक असतो, पश्चिमलाही अनेकदा जम्बोब्लॉक असतो. शनिवारी रात्री वेळापत्रक बघा आणि एक तास आधी निघा. दोन पेपरांच्या मध्ये खायला डबा द्या. उत्तरपत्रिकेसाठी काळ्या किंवा निळ्या शाईचं बॉलपेन, दोन नग.

परीक्षेनंतर अंतरिम उत्तरसूची येते. पुस्तकातला पुरावा देऊन आक्षेप घेता येतो, त्याला मुदत असते. मुलाने पेपर घरी आणला असेल तर उत्तरं ताडून बघा. एकेका गुणावर क्रम बदलतो, त्यामुळे 'जाऊ दे, एकच प्रश्न आहे' असं म्हणू नका.

निकाल दोन टप्प्यांत लागतो. आधी गुण जाहीर होतात आणि नाव, जन्मतारीख, प्रवर्ग यातली चूक शाळेमार्फत दुरुस्त करायला थोडे दिवस मिळतात. निवड यादी त्यानंतर. पालक पहिल्या टप्प्यालाच निकाल समजतात आणि दुरुस्तीचे दिवस निघून जातात.

पात्र झालं, पण निवड झाली नाही? मराठा, कुणबी, मराठा-कुणबी किंवा कुणबी-मराठा असाल तर सारथी संस्थेची 'छत्रपती राजाराम महाराज सारथी शिष्यवृत्ती' आहे. एनएमएमएसमध्ये पात्र होऊनही निवड न झालेल्या या मुलांना नववी ते बारावी महिन्याला ८००, म्हणजे वर्षाला ९,६०० रुपये मिळतात. अर्ज शाळेमार्फतच. मुंबईत ही गोष्ट शाळांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. तेव्हा तुम्हीच विषय काढा.

७. नववीत पोर्टलवर अर्ज: पैसे इथून सुरू होतात

निवड यादीत नाव आलं म्हणजे पैसे आपोआप खात्यात येतील, हा समज सगळ्यात महागात पडतो. नववीत गेल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर, नवा अर्ज भरावाच लागतो. आधी एकदाची नोंदणी करायची, तिला ओटीआर म्हणतात. त्यात आधारवरून ओळख आणि मोबाइलवर चेहऱ्याची पडताळणी होते. मिळालेला नोंदणी क्रमांक वहीत, मोबाइलमध्ये आणि आईच्या डायरीत, तीन ठिकाणी लिहून ठेवा. तोच बारावीपर्यंत लागतो. नोंदणीला दिलेला मोबाइल नंबर बदलू नका, रिचार्ज संपून बंद पडू देऊ नका.

अर्ज भरला की तो आधी शाळेचा नोडल अधिकारी, म्हणजे पोर्टलचं काम सोपवलेली व्यक्ती, तपासतो, मग जिल्ह्याचा. शाळेने मुदतीत तपासला नाही तर अर्ज तिथेच पडून राहतो. म्हणून भरल्यावर आठवड्याने स्वतः लॉगिन करून स्थिती बघा, आणि शाळेकडे अडला असेल तर भेटा. अर्जात त्रुटी काढून परत पाठवला असेल तर तेही तिथेच दिसतं. दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा.

बँकेचं काम वेगळं. खातं मुलाच्या नावाने हवं. बँकेत "आधार लिंक आहे का?" विचारलं की "हो" म्हणतात, पण ते केवायसीचं असतं. तुम्ही विचारायचं, "डीबीटीसाठी आधार सीडिंग झालंय का?" डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणं, आणि ते आधार ज्या खात्याशी सीड झालंय, म्हणजे त्यासाठी जोडलंय, तिथेच जातात. दोन खाती असतील तर ते दुसऱ्याच खात्यात जाऊ शकतात, आणि पालक पासबुक भलतंच भरून घेत राहतात. बँकेत काम होत नसेल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं टपाल कार्यालयात उघडून मिळतं. दोन वर्षं व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय होतं, म्हणून अधूनमधून शंभर रुपये का होईना, भरा किंवा काढा.

८. बारावीपर्यंत टिकवायची कशी

आठवीत ५५ टक्के हवेत. नववीतून दहावीत पहिल्याच प्रयत्नात पास होऊन जायला हवं. दहावीला किमान ६० टक्के हवेत, तरच अकरावी-बारावीचे पैसे मिळतात. अकरावीतून बारावीत पुन्हा पहिल्या प्रयत्नात. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना टक्क्यांत ५ टक्क्यांची सूट आहे. आणि दरवर्षी एनएसपीवर नूतनीकरणाचा अर्ज. नवा नव्हे, नूतनीकरणाचा.

मधेच शाळा बदलून विनाअनुदानित शाळेत गेलात तर शिष्यवृत्ती थांबते. दहावीनंतर पॉलिटेक्निकला किंवा इतर पदविकेला गेलात तरी थांबते. पॉलिटेक्निक चांगला मार्ग आहे, शिष्यवृत्तीसाठी तो सोडा असं मी म्हणणार नाही. पण निर्णय घेताना २४,००० रुपये जाणार हे माहीत असू द्या.

अकरावीच्या प्रवेशात मुंबईकरांना जपायला हवं. एकाच कनिष्ठ महाविद्यालयात अनुदानित आणि विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित, अशा वेगवेगळ्या तुकड्या असतात. ऑनलाइन पसंतीक्रम भरताना कॉलेजच्या नावाबरोबर तुकडीचा प्रकारही लिहिलेला असतो. तो वाचून मगच पसंती द्या. अनुदानित तुकडीची फीसुद्धा पुष्कळ कमी असते, म्हणजे फायदा दुहेरी.

प्रवेश पक्का झाला की त्याच आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसात तीन गोष्टी विचारा: कॉलेजची एनएसपीवर नोंदणी आहे का, नोडल अधिकारी कोण, आणि संस्था बदलल्याची नोंद पोर्टलवर कशी करायची. मोठ्या कॉलेजात पहिल्या खिडकीवर "इथे असं काही नसतं" असं उत्तर मिळू शकतं. शिष्यवृत्ती विभाग कुठे आहे विचारून तिथे जा. निवड यादीतलं नाव, ओटीआर क्रमांक आणि दहावीच्या गुणपत्रिकेची प्रत बरोबर ठेवा, आणि नूतनीकरणाची मुदत संपायच्या निदान दोन आठवडे आधी अर्ज कॉलेजकडून तपासून घ्या. बारावीत हेच परत एकदा करायचं आहे.